शिट्टी वाजली न्हवं?

आमच्या पेठेच्या टीमचे सेंटर फॉरवर्ड मैदानावर पळत नसत. उभे राहत. समोरच्या टीमच्या गोलपासून वीसेक पावलांवर, एक हात कमरेवर ठेवून, गारगोटीची एसटी यायची आहे आणि ती येणारच आहे अशा चेहऱ्याने. पेठेने त्यांचं नाव 'स्टँड' ठेवलं. आम्ही धाकटे 'स्टँडअण्णा' म्हणायचो, तेवढाच आदर.

"अण्णा, जरा पाय उचला की," गॅलरीतून कुणी हाळी दिली तर ते मागे वळून शांतपणे सांगत, "बॉल हितंच येणार हाय. मी तिकडं गेलो तर हितं कोण?" आणि चेंडू खरंच तिथे येई. त्यांनी गोल मारला असं म्हणवत नसे. चेंडूला वाट दाखवली, एवढंच.

नव्वदच्या दशकात आम्ही बी गटात होतो. वरच्या गटात जायचं म्हणून दरवर्षी देवाला नारळ, आणि दरवर्षी परत बी गटात. अण्णा उद्यमनगरात लेथवर काम करायचे, दुपारी सुट्टी टाकून थेट स्टेडियमवर. हातांना ऑइलचा वास, पायांना घामाचा.

वरच्या गटात टीम असलेल्या एका मोठ्या तालमीची माणसं एकदा 'आमच्याकडून खेळा' म्हणत नवे बूट घेऊन त्यांच्या घरी आली. अण्णांनी बूट घालून पाहिले, अंगणात दोन पावलं टाकली, काढून पुन्हा खोक्यात ठेवले. "बसत्यात बराबर," म्हणाले. "पण आमची टीम वर येणार हाय. तवा भेटू की." वहिनी पुढे आठवडाभर त्यांच्याशी जेवणापुरतं बोलल्या.

मी त्या टीमचा राखीव गोलकीपर. सात सीझनमध्ये मी एकदाही खेळलो नाही, यावरून आमच्या मूळ गोलकीपरची तब्येत आणि माझा खेळ, दोन्ही कळावं. म्हणून माझ्याकडे गुलालाची पिशवी सोपवली होती. ते काम मला जमेल असा पेठेचा अंदाज होता.

मॅच झाली की अण्णा मला एम-एटीवर बसवून गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला नेत. जिंकलो तरी दूध, हरलो तरी दूध. म्हशीखालचा ग्लास हातात आला की मी लगेच तोंडाला लावी आणि नाकापर्यंत फेस. अण्णा ग्लास धरून बघत बसत. "फेस बसू दे की. म्हस कुठं पळून चाललीय?"

मग तो सामना आला. जिंकलो तर वरच्या गटात, बरोबरीला काही नाही. शेवटची दोन मिनिटं, शून्य-शून्य. मी नियम मोडून गोलच्या खांबाशेजारी पिशवी उघडून बसलेलो. त्यांचा गोलकीपर पुढे आला, चेंडू त्याच्या हातून निसटला आणि अर्थातच अण्णांच्या पायाशी आला. समोर रिकामा गोल. अण्णांनी चेंडू हळूच ढकलला. तो इतक्या सावकाश निघाला, की मला राहवलं नाही.

चेंडू रेषेपासून चार हातांवर असताना मी दोन्ही मुठी भरून मैदानात होतो. लाल धुरळ्यातून चेंडू आत गेला. रेफरीने शिट्टी वाजवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. बाहेरचा माणूस आत, गोल रद्द. मॅच बरोबरीत सुटली.

पेठेची माणसं कठडा ओलांडून माझ्याकडे निघाली. त्यांच्याआधी अण्णा पोचले. मी त्यांना प्रथमच पळताना पाहिलं. केसांत गुलाल, भुवयांत गुलाल. मागच्यांना म्हणाले, "ह्याला हात लावायचा न्हाय. माझा बॉल सावकाश गेला." मला म्हणाले, "बस गाडीवर."

गंगावेशीत त्या दिवशी मी ग्लास हातात धरून बसलो. फेस बसला, दूध गार झालं. "पी की आता," अण्णा म्हणाले. "एवढंबी थांबायचं नसतंय."

पुढच्या सीझनला त्यांचा गुडघा गेला. पेठ मला 'गुलाल्या' म्हणू लागली. अजून म्हणते.

दोन हजारनंतर केव्हातरी आमची टीम वर गेली. नवी पोरं वाऱ्यासारखी पळणारी. पिशवी माझ्याकडेच होती; शिक्षा म्हणून की विश्वासाने, मी विचारलं नाही. सामना संपला. हलगी सुरू झाली, पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली. "अरे गुलाल्या, टाक की," चहूकडून ओरडा. माझी मूठ काही उघडेना.

तेवढ्यात गॅलरीच्या पायऱ्या उतरून अण्णा आले, एकेक पायरी, कठड्याला धरून. माझ्याकडे न येता आधी लंगडत रेफरीकडे गेले.

"साहेब, शिट्टी वाजली न्हवं?"

"वाजली की हो."

"शेवटची?"

"शेवटचीच."

मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, एक हात कमरेवर. टोपी काढून मान खाली केली.

"टाक आता," म्हणाले. "सावकाश."