शून्य रुग्णांचं पार्क

चंदीगडमध्ये मी ज्या घरात भाड्यानं राहत होतो त्याच्यासमोर एक पार्क होतं आणि पार्कभोवती चाळीसेक घरं. सेक्टरचा नंबर सांगत नाही, कारण तिथं अजूनही माझ्यासारखे भाडेकरू राहतात आणि त्यांना रोज त्याच लोकांना 'नमस्ते जी' म्हणायचं असतं. लॉकडाऊनच्या वर्षी या चाळीस घरांनी पार्कच्या फाटकावर एक पांढरा बोर्ड लावला. त्यावर 'आज के केस' असं लिहिलेलं आणि खाली एक भलंमोठं शून्य. अक्षरं मार्करनं काढलेली, शून्य मात्र ऑइलपेंटनं रंगवलेलं. ते बदलायचा कुणाचाच विचार नव्हता, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही.

या शून्याचे जनक माझे घरमालक. कुठल्याशा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, रहिवासी संघटनेचे सेक्रेटरी आणि सगळ्यांचे अंकलजी. खालचा मजला त्यांचा, गच्चीवरची खोली माझी. रोज संध्याकाळी शहराची सेक्टरवार यादी फोनवर यायची. ती ते फाटकाशी उभं राहून मोठ्यानं वाचायचे. बावीसमध्ये इतके, चौतीसमध्ये इतके, मोहालीत इतके, पंचकुल्यात इतके. शेजारच्या सेक्टरचा आकडा वाढला की त्यांचा आवाज चढायचा. "देखा? मैं तो पहले ही कहता था. उधर के लोगों में डिसिप्लिन ही नहीं है जी." मग सगळे मास्क हनुवटीवर ओढून हसायचे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण पंजाबीत आहे की नाही मला माहीत नाही, पण पार्क पंजाबीच होतं आणि म्हण रोज चालू होती. मेलेल्यांचा आकडा मात्र ते वाचत नसत. तो सेक्टरवार नसायचा, त्यामुळे त्यात आपला नंबर कितवा लागतो हे काढता येत नव्हतं.

आता ही शिस्त कशी होती तेही ऐका. प्रशासनानं सिटी बसमधून भाजी पाठवायला सुरुवात केली होती. रस्त्यावर चुन्यानं वर्तुळं आखलेली असायची. बस थांबली की वर्तुळं तशीच राहायची आणि चाळीसही घरं बसच्या दाराशी एकमेकांच्या खांद्यावर. भेंडी संपली तर जग संपणार होतं बहुतेक. दुपारी हीच मंडळी ग्रुपवर पायी निघालेल्या मजुरांचे फोटो टाकायची आणि खाली लिहायची, 'ये लोग कभी नहीं सुधरेंगे.'

शिवाय या शहराची एक सोय आहे. रस्ता ओलांडला की सरकार बदलतं. एका बाजूला पंजाब, दुसऱ्या बाजूला हरियाणा, मधे आम्ही, आणि तिघांचे नियम तीन तऱ्हेचे. अंकलजींची बहीण हरियाणातल्या पिंजौरला. इकडे कडक आणि तिकडे सैल असा आठवडा आला की ते गाडी काढून तिच्याकडे जायचे. एकदा भाच्याच्या साखरपुड्याला जाऊन आले ते खोकतच. "एलर्जी है. मौसम बदल रहा है." त्या खोकल्यासकट ते पिन्नीचा डबा घेऊन वर आले. पिन्नी म्हणजे त्यांच्याकडचा कणकेचा लाडू. "मुँह मीठा करो बेटा जी," म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं तो माझ्या तोंडात कोंबला. चौथ्या दिवशी मला चहाचा वास येईना.

त्यांची तपासणी झालीच नाही, म्हणून त्यांना काही झालंच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझं मात्र अंग दुखत होतं, ताप होता. मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून सांगितलं, "अंकलजी, मला टेस्ट करावी लागेल." त्यांनी आधी जिन्याखालचं दार लावून घेतलं आणि मग दाराआडून बोलले.

"घर पे किसी को ना बुलाना. किट पहन के आएँगे, गेट पे पर्चा चिपका देंगे. सारा पार्क बदनाम. तुस्सी मोहाली चले जाओ, अपने दफ्तर के पास."

"फॉर्ममध्ये पत्ता विचारतात," मी हिंदीत म्हणालो.

"आधार दे दो ना. आधार में कहाँ का है?"

"सातारा. महाराष्ट्र."

दाराआडून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज उजळलेला कळला. "लो जी! फिर आप तो वहाँ के हुए. केस भी वहीं का."

मला राग यायला हवा होता. आला नाही. भर साथीत दुसरी खोली कोण देणार, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्या शून्याची मलाही चटक लागली होती. रोज फोनवर मी आईला सांगायचो, "आमच्याकडे एकही नाही बघ." सांगताना छाती फुगायची, जणू शून्य मीच निपजवलं होतं. मोहालीतल्या लॅबच्या फॉर्मवर 'सध्याचा पत्ता' अशी वेगळी जागा होती. तिथे मी रेघ मारली आणि वर गावचा पत्ता लिहिला.

गावी अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, आणि त्या वर्षी गावाच्या दक्षता समितीचे अध्यक्ष. मुंबई-पुण्याहून जो येईल त्याला चौदा दिवस शाळेत झोपायचं, हा त्यांचा नियम. सरपंचाचा मेव्हणा आला, शाळेत. माझा सख्खा चुलतभाऊ ठाण्याहून मोटारसायकलवर आला, त्यालाही तिसरीच्या वर्गात चटई. तेव्हापासून काकू माझ्या आईशी बोलत नव्हती. अण्णा सगळ्यांची नावं एका नोंदवहीत त्यांच्या त्या शाळामास्तरी अक्षरात लिहून ठेवायचे. मी फोनवर त्यांची चेष्टा करायचो. "अण्णा, गावाला कोरोनापेक्षा तुमची भीती जास्त."

टेस्ट दिल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला.

"ताप किती आहे?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं. मी घरी काहीच कळवलं नव्हतं.

"आता उतरलाय. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आशाताई आली होती तालुक्याच्या पॉझिटिव्ह लोकांची यादी घेऊन. तुझं नाव आहे, आपला पत्ता आहे. काय प्रकार आहे हा?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिथला पत्ता लिहायला जागा नव्हती का फॉर्मवर?"

"होती."

त्यांनी फोन ठेवला.

मी चंदीगडातच आहे हे आशाताईला, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेला, लगेच पटलं. पण यादीतलं नाव असं आशाताईला पटून निघत नाही. त्याला तालुक्याला अर्ज, जिल्ह्याला अर्ज. तोवर गावानं आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले. गुरुजींनी पोरगं माळ्यावर लपवलंय, अशी बोंब उठली. आठ-दहा जण घरात शिरले. आईनं मला फोनवर सांगितलं, "कणगीच्या मागंबी हात घालून बघितलं रं त्यांनी." माळ्यावर मी नव्हतो, पण दोरीवर माझं जुनं पांघरूण वाळत होतं. तोच पुरावा ठरला. मी व्हिडिओ कॉल केला, खिडकीतून पार्क दाखवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "असली बाग साताऱ्यातबी हाय की." त्यांना पटवून घ्यायचंच नव्हतं. ज्यांना अण्णांनी तिसरीच्या वर्गात झोपवलं होतं त्यांना इतका चांगला दिवस पुन्हा कधी मिळणार?

संध्याकाळी अण्णांनी पुन्हा फोन केला. "तिथल्या कुणाकडून तरी एक कागद आण. हा माणूस इथे आजारी आहे, एवढंच लिहिलेलं. शिक्का असला तर बरं." नोकरी लागल्यापासून अण्णांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

शिक्का अंकलजींकडे होता. मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं, वडिलांची गावात कशी अब्रू जाते आहे तेही सांगितलं. "ओ जी, कोई गल नहीं, अभी भेजता हूँ." जेवणासाठी मी गच्चीवरून टोपली खाली सोडायचो, तिच्यातूनच कागद वर आला. झकास लेटरहेड, निळा शिक्का. इंग्रजीत लिहिलं होतं की, हा आमचा भाडेकरू असून त्याची प्रकृती उत्तम आहे, तो संघटनेला सहकार्य करतो, आणि आमच्या पार्कमध्ये सुरुवातीपासून एकही रुग्ण नाही.

मी परत फोन केला. "अंकलजी, बीमार हूँ, ये लिखना था."

"बेटा जी, वो लिख दिया तो हमारा ज़ीरो कहाँ जाएगा?" त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

इथवर मी त्यांना हसलो, आता माझं ऐका. प्रशासनाचा मदत क्रमांक शहरातल्या भिंतीभिंतीवर होता. एक फोन केला असता तर किटवाले आले असते, फाटकावर पर्चा लागला असता, आणि चंदीगडच्या यादीत माझं नाव चढून गावच्या यादीतून उतरलं असतं. मी नंबर फिरवला आणि घंटी वाजायच्या आत कापला. पुन्हा फिरवला, पुन्हा कापला. चाळीस घरं खिडक्यांतून बघतील, या विचारानं मी फोन बाजूला ठेवला. मग मी अंकलजींच्या त्या कागदाचा फोटो काढून अण्णांना पाठवला. खाली लिहिलं, 'मी इथं राहतो एवढं तरी यात आहे.' अण्णांचं उत्तर आलं, 'मिळालं.'

पुढचे पंधरा दिवस ते फोनवर फारसे आले नाहीत. आई म्हणायची, समितीच्या कामात आहेत. मी बरा झालो. पार्कमध्ये शंभर दिवस शून्याचा सोहळा झाला. अंकलजींनी भाषण केलं, टाळ्या पडल्या, आणि निवडक रहिवाशांना मनीप्लांटची एकेक कुंडी दिली गेली. त्यात एक 'आदर्श किरायेदार' म्हणून मला. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि फोटोसाठी हसलोसुद्धा. तो फोटो अजून त्या ग्रुपवर असेल.

गाड्या सुरू झाल्यावर मी गावी गेलो. जेवताना आई सहज बोलून गेली, "शाळंतल्या फरशीनं ह्यांचं गुडघं गेलं बघ." मी हातातला घास खाली ठेवला. आई भाकरी आणायला उठली. जेवण झाल्यावर मी कपाटातून ती नोंदवही काढली. मधल्या एका पानावर, काकूच्या मुलाच्या नावाखाली चार ओळी सोडून, माझं नाव होतं. कुठून आला, चंदीगड. कुठे राहिला, घरी. शेऱ्याच्या रकान्यात अण्णांच्या त्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'मुलगा घरी आला होता. मी लपवला. चूक कबूल. चौदा दिवस शाळेत राहीन.' खाली त्यांची सही.

ज्या माणसानं कधी कुणाला खोटा दाखला दिला नाही त्यानं माझ्यासाठी वहीत खोटं लिहिलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी वही बंद न करताच अंगणात त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"अण्णा, हे का लिहिलंत?"

ते शेंगा फोडत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझा तो कागद आला ना. आशाताईनं सगळ्यांना मराठीत करून सांगितला. त्यात तू ठणठणीत होतास. मग यादीतला आजारी माणूस कोण आणि कुठं, असं लोकांनी विचारलं. मला काय सांगता येणार होतं?"

"पण खरं..."

"खरं सांगून झालं होतं. दोन दिवसांनी मुंबईहून दोन घरं यायची होती, लहान पोरांसकट. गुरुजीचा मुलगा सुटला म्हटल्यावर ती शाळेत राहिली असती का? त्यांच्यातला एक पुढं निघाला आजारी. शाळेत होता म्हणून तेवढ्यावर भागलं." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "वहीत खाडाखोड करू नकोस."

मी केली नाही. चंदीगडमधली खोली पुढं सोडली. अंकलजींनी निरोप देताना मिठी मारली, बोर्डावरचं शून्य तेव्हाही तसंच होतं, फक्त उन्हानं पिवळं पडलेलं.

गावी गेलो की पारावर अजून कुणीतरी विचारतंच, "काय रं, माळ्यावर लई गदमदत असंल न्हाई त्या वक्ताला?" अण्णा शेजारी बसलेले असतात. ते दुसरीकडे बघतात. मी म्हणतो, "व्हय, लई गदमदायचं."