पापणी मिटली तरच

लेक चार वर्षांची असल्यापासून मी तिला एकच वळण लावलं. कुणाकडे गेलो आणि समोर खाऊ आला, की आधी ‘नको’ म्हणायचं, मग माझ्याकडे बघायचं. मी पापणी मिटली तरच हात पुढे करायचा. कसबा पेठेतल्या आमच्या नातेवाइकांत तिच्या कौतुकाला नुसता ऊत आला होता. नणंद म्हणायची, पोर असावी तर अशी, आमची बशीसकट गिळतात. मी फुगून जायची. आपण काय पेरतोय हे कळायला अक्कल लागते, ती कुठे होती माझ्याकडे.

एकदा नणंदेने बर्फी पुढे केली. लेकीला ती इतकी हवी होती की ओठ थरथरत होते. मी गप्पांत रंगले आणि खूण करायची विसरले. पोर ‘नको’ म्हणून बसून राहिली, घरी येईपर्यंत रडली नाही. मला त्याचाही अभिमान वाटला, बोला आता.

स्थळ सांगून आलं तेव्हाही तिने माझ्याकडेच पाहिलं, आणि मी पापणी मिटली. नऊ वर्षांत ते लग्न मोडलं. वकीलबाईंनी बजावलं होतं, तिच्या सात वर्षांच्या मुलीचा ताबा आईला मिळायला अडचण नाही, फक्त ‘मला हवी’ असं ठामपणे सांगा. कोर्टात जाताना रिक्षात मी लेकीकडून ते चार वेळा म्हणवून घेतलं. समुपदेशकांनी नवरा-बायकोलाच आत बोलावलं, मी बाहेर बाकावर. तासाभराने ती बाहेर आली ती समझोत्यावर सही करूनच. नात बापाकडे राहणार होती, आईकडे फक्त रविवारी.

“अगं, मागितली का नाहीस?”

“सारखी दाराकडे बघत होते, आई. तू दिसतच नव्हतीस.”

त्या बाकावरच मरण आलं असतं तर बरं झालं असतं.

परवाच्या रविवारी नात आली. मी बेसनाचा लाडू तिच्यापुढे धरला. ‘नको आजी,’ म्हणाली आणि तिने आईकडे पाहिलं. तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने पापण्या मिटल्या, आणि मग मला त्या उघडवेनात.