बटणामागचं नाव

लग्नात माझं नाव बदललं. मला विचारून बदललं नाही, पण त्यात नवल काही नाही, आमच्याकडे कुणालाच विचारत नाहीत. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नाव लिहितो आणि ते आधी सासरच्या बायका वाचतात, मग आपण. कोरगावातून निघालेली मी डिचोलीत उतरले ती वेगळ्याच नावानं. कागदोपत्री मात्र मी होते तीच राहिले. जन्माचा दाखला, पदवी, बँकेचं खातं, सगळं माहेरच्या नावावर. ते बदलायचं तर अर्ज, जाहिरात, कचेरीचे खेटे. नवरा म्हणाला, "रावूं दी." मीही राहू दिलं.

डिचोलीत तेव्हा खाणी जोरात होत्या. दिवसभर ट्रक, आणि दोरीवरचे कपडे काढताना लाल धूळ झटकणं हे बायकांचं रोजचं काम. थोरल्या दिरांचं, म्हणजे भावोजींचं, बाजाराजवळ कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यांचं एक गिऱ्हाईक म्हणजे ट्रक पुरवणारा एजंट. त्याला खाणीच्या कचेरीतून रोज सकाळी एक लांबलचक ईमेल यायची: कुठल्या खाणीवर कुणाचे किती ट्रक लावायचे. ती वाचून कारकून प्रत्येक ट्रकमालकासाठी वेगळी चिठ्ठी टंकत बसायचा. तोवर दुपार व्हायची आणि मालक दारात शिव्या घालत उभे असायचे.

मी कॉम्प्युटर शिकलेली, आणि घरात बसून होते. त्या एजंटासाठी मी एक अ‍ॅड-इन लिहिलं. अ‍ॅड-इन म्हणजे ईमेलच्या प्रोग्रॅमला मागाहून जोडलेला छोटा प्रोग्रॅम. तो बसवला की वरच्या पट्टीत एक नवं बटण दिसतं. माझं बटण दाबलं की त्या लांबलचक ईमेलची फोड व्हायची आणि ज्याची त्याची चिठ्ठी छापून निघायची. कारकून चहा पिऊन येईपर्यंत काम संपलेलं असायचं.

बातमी पसरायला आमच्या भागात वर्तमानपत्र लागत नाही. पेडण्याच्या काजूव्यापाऱ्याला बटण हवं झालं, वाळपईच्या सुपारीवाल्याला हवं झालं. प्रत्येकाचं काम निराळं म्हणून प्रत्येकाचं बटण निराळं. मी लिहायची, आणि सीडी रेक्झिनच्या पिशवीत घालून भावोजी मोटरसायकलवर निघायचे. त्यांनी कष्ट केले नाहीत असं मी कधी म्हणणार नाही. धुळीनं भुवयांसकट लाल होऊन घरी यायचे. गिऱ्हाइकाकडे बसायचं, पाव-भाजी खायची, गावच्या जत्रेची चौकशी करायची, आणि मग जाता जाता सीडी घालायची, ही त्यांची पद्धत. मला ती जमली नसती. पण एक व्हायचं. लोक म्हणायचे, भावोजींचं बटण. आणि भावोजी ते दुरुस्त करायचे नाहीत.

मी मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. बाईनं केलेला स्वयंपाकसुद्धा घराच्या नावानंच वाखाणला जातो.

मग ईमेलच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आणि ती कुणाचंही अ‍ॅड-इन मुकाट्यानं घेईना. त्याला बनवणाऱ्याची डिजिटल सही हवी. ही सही परदेशातली एक कंपनी द्यायची, आणि त्याआधी माणूस खरा आहे की नाही याचे कागद तपासायची. भावोजींनी दुकानाचे कागद काढले, तर परवाना अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. घरात नीट कागद असलेलं माणूस एकच निघालं, मी. भावोजी म्हणाले, "तुज्या नांवार घे गो, तांत्रिक वस्त ती, कोण पळयता?" कोण बघतंय, म्हणून मीही घेतली. सही आली ती अर्थातच माहेरच्या नावाची.

त्यानंतर सीडी घातली की कॉम्प्युटरवर एक खिडकी उघडायची. हे अ‍ॅड-इन अमुक बाईनं बनवलं आहे, तिच्यावर विश्वास ठेवायचा का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. पहिल्यांदा माझ्याच मशीनवर ती खिडकी उघडली तेव्हा मी तिच्याकडे बघत बसले. लग्नानंतर माझं नाव कुणी इतक्या स्पष्ट अक्षरांत लिहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

भावोजी आता वाटेत सीडी नुसती देऊन पुढे जायचे, बसवायचं काम कारकून शिकले होते. त्या आठवड्यात घरचा फोन थांबेना. माझ्या बटणात काय नवं आहे हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच. "ही बाय कोण? खंयची? कोणाची चली?" डिचोलीत अनोळखी माणूस दिसला की आधी त्याचं घर विचारतात, कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी. कॉम्प्युटरानं विश्वास ठेवायचा का म्हणून विचारलं, आणि लोकांनी सोयरिकीला करतात तशी चौकशी केली. कारकून मालकाला विचारी, मालक बायकोला. तसल्या आडनावाचं घर या भागात नाही, असा निकाल लागला की 'नाही' दाबून मोकळे. वाळपईचा सुपारीवाला तर म्हणाला, "तुमचें नांव आसतें जाल्यार 'हो' दामतालों. हिका आमी वळखनात."

त्या दिवशी मी शेजारीच भाजी निवडत होते. भावोजी फोनवर हसले आणि म्हणाले, "भियेवं नाकात. आमच्या ऑफिसांतली एक चली ती. दामात."

ऑफिसातली एक चली! दुकानात एक टेबल, दोन खुर्च्या, आणि ती 'चली' त्याच घरात त्यांच्या जेवणाची भाजी निवडत बसलेली. वाट लागो, असं तेव्हा मी कुणाबद्दल म्हणाले ते आठवत नाही, पण मनात म्हणाले खरी. नवऱ्याला सांगितलं. तो खाणीवर कामाला, दमून आलेला. म्हणाला, "घरचेंच न्हय गो? तुजें कितें, भावाचें कितें." घरचंच होतं तर नाव सांगायला लाज कसली, हे मी विचारलं. त्यावर तो आंघोळीला गेला.

फोन आला नाही तो एका ठिकाणाहून, माझ्या माहेरच्या तालुक्यातून, पेडण्याहून. तिथल्या काजूव्यापाऱ्याच्या कारकुनानं नाव वाचलं, अमक्याची मुलगी म्हणून ओळखलं आणि एका क्षणात 'हो' दाबलं. वर बाजारात माझ्या वडिलांना गाठून सांगितलं. माझे वडील शाळामास्तर, कडवे मराठीवाले. मराठी-कोकणीच्या भांडणात सोयऱ्यांशी बोलणं टाकलेला माणूस. कॉम्प्युटर म्हणजे इंग्रजांचं थेर असं त्यांचं मत. पण ते त्या पेढीवर गेले आणि कारकुनाला म्हणाले, दाखव. त्या बिचाऱ्यानं अ‍ॅड-इन काढून पुन्हा बसवलं, खिडकी उघडली, वडिलांनी चष्मा पुसून नाव वाचलं. पुढे पेडण्याला गेले की ते त्या पेढीवर डोकवायचे, आणि कारकून बिनबोलता तेच पुन्हा करून दाखवायचा. मला ते आईनं सांगितलं. वडिलांनी मला कधी एक शब्द सांगितला नाही.

सहीची मुदत संपायला आली तोवर भावोजींनी परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला होता. जेवता जेवता म्हणाले, नवी सही आता दुकानाच्या नावाची. लोकांना ओळखीचं नाव दिसलेलं बरं, उगाच फोन नकोत. मी म्हटलं, "फोन आता येत नाहीत, भावोजी. लोकांना सवय झालीय. नाव तेच राहू दे." ते म्हणाले, "धंद्यांत घरच्या बायलांचीं नांवां घालूंक जायनात." मी म्हटलं, बनवलं मी आहे. सासूबाईंनी मला विचारलं, सोलकढी अजून आहे का. नवरा ताटात बघत राहिला. त्याच्यावरचा तो राग माझा अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

नव्या सहीचा पासवर्ड भावोजींकडे. मी लिहायचं, त्यांनी शिक्का मारायचा. नवी आवृत्ती सगळीकडे गेली, डिचोली, पेडणे, वाळपई. खिडकीत दुकानाचं नाव दिसलं आणि सगळ्यांनी 'हो' दाबलं.

काही दिवसांनी कोरगावाहून फोन आला. वडील स्वतः बोलत होते, हेच मोठं. तब्येत विचारली, भात कापून झालं म्हणाले, मग म्हणाले, "तुझा नाव खय गेला गे?" मी म्हटलं, नवीन नियम आला आहे, आता सगळं कंपनीच्या नावानंच करतात. ते म्हणाले, "असां?" आणि फोन आईकडे दिला. त्या पेढीवर ते पुन्हा गेले नाहीत.

त्याच हिवाळ्यात वाळपईचा सुपारीवाला देवदर्शन करून परतताना आमच्या घरी आला. भावोजींनी पुढच्या खोलीत बसवलं. मी चहा आणि शेव घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता. बटणाची स्तुती केली. सुपारीचे भाव एका दाबात कळतात म्हणाला, मुलगाही आता तेच वापरतो म्हणाला. मग कप हातात घेताना त्याला आठवलं. "आदीं एका बायलेचें नांव येतालें थंय. ती चली हुशार आसतली. खंय गेली ती?"

भावोजींनी बशीत चहा ओतला. "तिचें लग्न जालें," ते म्हणाले. "गेली."

सुपारीवाल्यानं मान हलवली, शिकलेल्या मुलींचं असंच होतं म्हणाला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "च्या बरी जाल्या, वयनी." मी ट्रे घेऊन उभी होते. भावोजींना खोटं पाडायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, आणि तेव्हाच लक्षात आलं की ते खोटं बोललेच नाहीत.