कॅमेऱ्याला कुंकू

पोरानं आमच्या दारावर कॅमेरा बसवला, त्या दिवसापासनं मी माझ्याच वट्यावर दुसऱ्याच्या परवानगीनं बसतोय.

पोरगं पुण्यात नोकरीला. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी इकडं गावात. येडशी ठेसनातल्या गाडीचा भोंगा वारं तिकडून असलं तर ऐकू येतो, एवढ्या अंतरावर. मागल्या वर्षी म्हातारी गल्लीतल्या बायांबरोबर तुळजापूरला दर्शनाला गेली अन् मी मोरीत पाय घसरून पडलो. दोन तास तसाच पडून. ओरडलो बी, पण शेजारच्या घरात टीव्हीवर कुणाचं तरी लग्न मोडत होतं, त्यात माझा आवाज कुठला पोचतोय? हाड मोडलं न्हाय. पण पोरानं ते दोन तास लई मनावर घेतले. दिवाळीला आला ते कॅमेरा घेऊनच आला.

मुठीएवढा, पांढराफेक, मान फिरवणारा. पुण्यात बसून त्यानं मोबाइलवर आमचा वटा बघायचा अन् मनात आलं की त्याच कॅमेऱ्यातनं बोलायचं. "आप्पा, ऊन आलं, आत सरका." "आप्पा, नुसत्या बनियनवर बसू नका, रस्त्यानं लोक जातात." आरं, जाणारे लोकबी बनियनवरच हायेत की! "आप्पा, हातात बिडी आहे का?" न्हाय रे बाबा, उदबत्ती हाय, तुझ्या कॅमेऱ्याला ओवाळतोय. वीस वर्षं बापाच्या धाकात काढली, पन्नास बायकोच्या धाकात काढतोय, आता पोराचा धाक. मग मी मोकळा हुणार कवा?

म्हातारीचं वेगळंच. पहिले पंधरा दिवस ती त्या कॅमेऱ्यापुढनं डोईवर पदर घेऊन जायची. आत व्याही बसला असला म्हंजे, असं तिचं म्हणणं. मग एकदा भीड मोडली अन् ती त्याच्याकडं माझ्या तक्रारी घेऊन जायला लागली. "बघ रे बाळा, तुझ्या बापानं सकाळची गोळी घेतली न्हाय." कमरेवर हात ठेवून, वर तोंड करून. देवाला बी एवढ्या श्रद्धेनं कवा काय सांगितलं नसंल तिनं.

हे सगळं म्या सोसलं असतं. पण त्या कॅमेऱ्यानं माझा दोस्त तोडला.

दोस्त म्हंजे पोरवयापासनंचा. दोन गल्ल्या सोडून घर. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरात पोरगा अन् सून. रोज दुपारी तीनच्या सुमाराला काठी टेकत यायचा, चंची सोडायचा, तंबाखू मळायचा, निम्मी मला द्यायचा. मग पाच वाजेपर्यंत आम्ही जगाची खरडपट्टी काढायचो. सोयाबीनचा दर, सरपंच, डॉक्टर, जावई, कुणाला सोडायचं न्हाय. मारुतीच्या पारावर बसायची आता सोय न्हाय. तिथं पोरांनी वाढदिवसाचा बोर्ड लावलाय, पंचवीस-तीस टाळकी हात जोडून उभी, अन् येणारं सगळं वारं त्या टाळक्यांनी अडवलंय. म्हणून आमचा वटा.

तर पावसाळ्याच्या तोंडाला एका दुपारी तो तंबाखू मळता मळता म्हणला, "आमच्या सुनंची भाकरी अशी, की कुत्रं बी हुंगून म्होरं जातंय." आम्ही हसलो. तिकडं पुण्यात पोरानं ते ऐकलं, तोबी हसला. हसला ते हसला, त्यानं आपल्या बायकोला सांगितलं. आता आमची सून अन् त्याची सून, दोघींचं माहेर आमच्या इकडच्या वाशीचं, एकाच गल्लीतलं. दिवस मावळायच्या आत ती भाकरी पुण्याला जाऊन माघारी गावात आली.

त्याच्या सुनंनं भांडण केलं न्हाय. तिनं पिठाचा डबा अन् परात त्याच्यापुढं आणून ठेवली. "तुम्हीच करा मामा, कुत्र्याला आवडंल अशी." तीन दिवस गड्यानं दूध-केळावर काढले. चौथ्या दिवशी माफी मागितली तवा चूल पेटली, अन् त्या दिवसापासनं त्यानं माझा वटा सोडला.

म्या त्याच्या घरी जाऊन हात जोडले. तर म्हणला, "तुझ्या घरात पोलीस बसवलाय. मी न्हाय यायचा." खोटं कुठं होतं? देवळाला जाताना माझ्या दारावरनं जवळची वाट, ती सोडून तो मागल्या बोळातनं जायला लागला. गुडघे दुखतात त्याचे, तरी लांबनं जायचा.

म्या पोराला म्हणलं, "काढ ते डबडं."

पोरगं म्हणलं, "आप्पा, दोन तास तुम्ही मोरीत पडला होता." डबडं राह्यलं तिथंच. अन् मी दुपारी एकटाच वट्यावर बसायला लागलो. तंबाखू एकट्यानं मळली की नुसती तोंडाची आग हुती. चार म्हयने असे काढले. लई वंगाळ काढले, आता सांगायला काय लाजायचं.

मग नवरात्र आलं अन् खंडेनवमी उजाडली.

खंडेनवमीला आमच्यात घरातली समदी हत्यारं धुऊन पूजेला बसवायची. विळे, खुरपी, कुऱ्हाड, पहार. पोत्यावर मांडायची, हळद-कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. अन् एकदा पूजेला बसवलं की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा न्हाय. वर्षभर राबतंय, एक दिवस त्याला बी सुट्टी. आमची म्हातारी ह्या बाबतीत लई कडक. तिचे नऊ दिवसांचे उपास, त्यात आठवा-नववा दिवस, म्हंजे तिच्यापुढं तोंड उघडायची सोय न्हाय. तिनं मिक्सर बसवला, फवाऱ्याचा पंप बसवला, घरातला एकुलता एक मोबाइल बसवला.

म्या म्हणलं, "अगं, फोन कवापासनं हत्यार झाला?"

"पोराचा आवाज त्यातनंच येतो न्हवं? मग?" अन् तिची नजर वर गेली. कॅमेऱ्याकडं. "ह्यो बी राबतोय की अवो वर्षभर."

सत्तरीची बाई स्टुलावर चढली. म्या खांदा दिला. तिनं पाण्यात कालवलेली हळद अन् त्यावर चिमूटभर न्हाय, चांगलं बोटभर कुंकू घेतलं. तेवढ्यात कॅमेऱ्यानं मान वळवली. "हालू नको रे, लावू दे," ती म्हणली अन् भरला हात थेट त्याच्या डोळ्यावर फिरवला. तशात स्टूल कलंडलं. ती माझ्या खांद्यावर लोंबकळत "अगं आई गं!" म्हणत खाली आली, स्टूल बादलीवर जाऊन आपटलं, बादली पायरीवरनं गडगडत रस्त्यावर गेली. लागलं कुणालाच न्हाय. तिनं पदर नीट केला, माझ्या काठीच्या टोकानं कॅमेऱ्याला माळ अडकवली अन् भिंतीतली त्याची पिन उपसली. "आज ह्यालाबी सुट्टी."

आता पुण्यातनं ह्यो खेळ कसा दिसला आसंल, इचार करा. आईचं तोंड जवळ आलं, हात आला, सगळं लालभडक झालं, धाडदिशी काहीतरी पडलं, आई किंचाळली अन् अंधार.

आम्हाला त्याचा पत्ताच न्हाय. मागल्या दारी बसलो. कॅमेऱ्याला सुट्टी म्हणून म्हातारीला माझी दया आली, तिनं मला डॉक्टरनं बंद केलेली मिरचीची भजी तळून दिली. आत फोन वाजायला लागला. उठलो, तर ती वरडली, "पूजेला बसलेलं उचलायचं न्हाय! उद्या दसऱ्याला उचला." परत वाजला. परत. झेंडूच्या फुलांत फोन नुसता थरथरत होता अन् मी भजी खात होतो.

अर्धं जेवण झालं आसंल. पुढलं दार भिंतीवर आदळलं अन् दोस्त आत आला. अनवाणी. हातात काठी न्हाय. डोक्यात, भिवयांत सोयाबीनचा भुसा, खळ्यावरनं तसाच सुटलेला. मागं निम्मी गल्ली. पोराकडं गावातला दुसरा एकच नंबर होता, त्याचा. चार म्हयन्यांपूर्वी ज्याची भाकरी पुण्याला नेली, त्यालाच त्यानं रडत फोन लावला होता.

दोस्त माझ्याकडं बघतच राह्यला. माझ्या तोंडात भजं. तो भिंतीला टेकून खाली बसला. छाती भात्यावानी वरखाली. डोळ्यांत पाणी, अन् तोंडातनं पहिला शब्द फुटला तो इथं लिहिण्यासारखा न्हाय. दुसरा बी न्हाय.

"मेलास म्हणून पळत आलो," तो म्हणला, "अन् तू भजी खातोस?"

मला हसू यायला पाहिजे होतं, आलं रडू. म्या ताट त्याच्यापुढं सारलं. त्यानं एक भजं उचललं, तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. पोरगंच होतं. गाडीत बसून निघालं होतं.

"माघारी फीर, बाळा," दोस्त म्हणला. "जित्ता हाय तुझा बाप. खातोय. आई बी झकास हाय, आत्ताच माझ्यावर वरडली. न्हाय न्हाय, रगत न्हाय, कुंकू हाय. खंडेनवमी न्हवं का!" तिकडनं पोरानं नाक ओढलं. मग म्हणलं, काका, तेवढा कॅमेरा पुसायला सांगा.

"सवाष्णीनं लावलेलं कुंकू पुसतात व्हय रं?" दोस्तानं दटावलं. अन् मग आवाज उतरवून म्हणला, "हे बघ. तुला बापाची फिकीर हाय, मला न्हाय का? रोज तीन ते पाच मी इथं असतो. तेवढा वेळ पिन काढलेली राहील. पाचला मी स्वतः तुला फोन लावून सांगीन, जित्ता हाय का न्हाय. कबूल?"

पोरगं कबूल झालं. म्हातारीनं दोस्तापुढं पाण्याचा तांब्या ठेवला अन् तोंड फिरवून डोळे पुसले.

परत जायला तो उठला तर गुडघे सरळ होईनात. येताना पळाला, तवा गुडघ्यांची आठवणच झाली न्हाय गड्याला. म्या माझी काठी त्याच्या हातात दिली अन् खांदा दिला. एका काठीवर दोन म्हातारे, गल्लीभर वरात. त्याची सून खळ्यावर राह्यलेली त्याची काठी अन् चपला हातात घेऊन दारात उभी होती. "असं पळतात व्हय मामा ह्या वयात?" म्हणली, अन् वाकून त्याच्या पायाशी चपला ठेवल्या. मला म्हणली, "तुम्ही बी बसा आप्पा. अर्ध्या ताटावरनं उठला असाल."

तिनं गरम भाकरी वाढली, शेंगाची चटणी, दही. भाकरी मोडली तर अशी मऊ, की वाफ बोटाला लागली. ती आत गेली तवा म्या हळूच म्हणलं, "आरं, भाकरी तर एक नंबर हाय की!"

"मग? मला ठाव न्हाय व्हय? रोज दोन खातोय," तो कुजबुजला. "पन कायतरी बोलायला लागतंय की रं माणसाला. अन् ते कुठं बोलायचं, तर तुझ्या वट्यावर."

दुसऱ्या दिवशी दसरा. म्हातारीनं सकाळी हत्यारं उचलली, कॅमेऱ्याची पिन बसवली. कुंकू काय पुसलं न्हाय. पोराला आता आमचा वटा लालच दिसतो. तीन वाजता काठी वाजली. दोस्त आला, काठीच्या टोकानं आधी पिन पाडली, माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली, टेकला, चंची सोडली.

"आज सुनंनं पुरणपोळी केली," तो तंबाखू मळत म्हणला. "अशी केली, अशी केली, की कुत्रं बी..."