विहिरीपासून वीस पावलांवर

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांना मी अजून माफ केलेलं नाही. माफ करा असं शास्त्र सांगतं, दर रविवारी प्रार्थनेत मी ते तोंडानं म्हणतेही, पण तोंडानं म्हणणं आणि मनातून जाणं यांत फार अंतर आहे. त्या पंचांपैकी निम्मे आता दफनभूमीत आहेत. मुख्य पंच म्हणजे माझा सख्खा थोरला मामा, तोही तिथंच आहे. त्याच्या कबरीजवळून जाताना माझी मान अजून ताठच राहते.

परभणीहून पाथरीला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. गावाच्या कडेला मिशनची आठ एकर जमीन, पत्र्याचं चर्च, आमची वीसेक घरं आणि एक बांधीव विहीर. ही विहीर मिशनच्या गोऱ्या साहेबांनी खोदून घेतली ती हौस म्हणून नाही. आमच्या लोकांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता, म्हणून. आमच्या आज्यांनी पाण्यासाठी बाप्तिस्मा घेतला, असा टोमणा गावातले लोक मारायचे. मारू देत. तहानलेल्या माणसानं पाण्यासाठी घेतला असेल तर त्यात लाज कसली, हे मला कधी कळलं नाही.

नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात बौद्धांची घरं जळाली, तेव्हा मी डी.एड.ला होते. त्या दिवसांत शेजारच्या बौद्ध वस्तीतल्या बायका गावच्या विहिरीवर जायला भिऊ लागल्या आणि आमच्या विहिरीवर यायला लागल्या. एरवी त्यांच्यात आणि आमच्यात धुसफूस असायची, तुम्ही तिकडं गेलात आणि आम्ही इकडं आलो यावरून. पण आल्या, त्या कायमच्या आल्या. दोन्ही वस्त्या मिळून चाळीस घरं त्या एका विहिरीवर जगू लागली. ती आटली तर या चाळीस घरांतल्या बायकांना घागरी घेऊन पुन्हा गावच्या विहिरीवर जावं लागणार होतं. एवढंच माझं म्हणणं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

पाणी खाली चाललंय हे आम्हा बायकांना कुणी सांगावं लागलं नाही. ते दोरावरून कळतं. दोर आखूड पडला की पोहरा पाण्याला टेकत नाही, मग जुन्या दोराचा तुकडा गाठ मारून जोडायचा. माझ्या लहानपणी असा तुकडा एखाद्या कडक उन्हाळ्यात जोडायचे आणि पाऊस पडला की सोडून ठेवायचे. मी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले, तोवर तो दर उन्हाळ्याला जोडावा लागत होता, आणि पोळा झाला तरी सोडता येत नव्हता. गाठी तळहाताला घासून घट्टे पडायचे. पंचांना हे कळायचं काही कारण नव्हतं. त्यांच्यापैकी एकानंही जन्मात पोहरा ओढलेला नव्हता. त्यांच्यापुढं पाणी तांब्यातून यायचं, आणि तांब्यातलं पाणी काही खाली जात नाही. त्यांच्याशी बोलायचं तर काहीतरी छापील दाखवायला पाहिजे, असं मला वाटलं.

आणि तिथंच मी चुकले. रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता: माणसानं सोडलेल्या धुरानं पृथ्वी तापते आहे, पाऊसकाळाची घडी बिघडणार आहे. मी तो कापून ठेवला आणि उपासनेनंतर वाचून दाखवला. हातातल्या दोराचं सोडलं आणि अख्ख्या जगाचं आभाळ आणून पंचांच्या पुढ्यात ठेवलं. लगेच दोन तट पडले. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, जलप्रलयानंतर देवानं वचन दिलं आहे, पेरणी-कापणी थांबायची नाही. माणूस काय आभाळ बिघडवणार, तसं मानणं म्हणजे अविश्वास. मामा म्हणाला, बिघडतंय हे खरं आहे, पण ती शेवटच्या काळाची लक्षणं आहेत, प्रभूच यायचा आहे तर एका विहिरीचं काय घेऊन बसलीस. पुढचे चार रविवार घसे फोडून वाद झाला. एक तट म्हणे असं होतच नाही, दुसरा म्हणे होणारच. मिशनच्या जमिनीत बोअर पाडायचा विषय निघाला, तेव्हा मात्र दोन्ही तटांचे हात एकदम वर गेले. त्या लेखातलं किती खरं होतं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी चौथीपर्यंतचा भूगोल शिकवणारी बाई. पण दोराच्या गाठी खऱ्या होत्या, आणि त्या बघायला एकही पंच विहिरीपर्यंत आला नाही.

बोअर हवा होता उसासाठी. कालव्याचं पाणी आमच्या गावाला वळसा घालून पुढं गेलं होतं, आणि पलीकडच्या गावांत ऊस लावून लोकांनी स्लॅबची घरं बांधली होती. पंचांना चर्चला स्लॅब हवा होता. स्लॅब नको असं मी म्हणत नव्हते. मे महिन्यात पत्र्याखाली दोन तास उपासनेला बसणं काय असतं ते मलाही ठाऊक आहे. मी म्हणत होते, बोअर पाडायचाच तर पार ओढ्याकडच्या टोकाला पाडा, विहिरीजवळ नको. आणि ज्वारी-तुरीच्या जमिनीत ऊस लावू नका, तो विहिरीच्या पोटातलं काढून पिईल.

मीटिंगला मी शास्त्र हातात घेऊन गेले. पंचांच्या तोंडी एकच शब्द होता, सत्ता. देवानं माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली, मग जमिनीतलं पाणी घ्यायला कुणाला विचारायचं. मी म्हणाले, पुढचं पान उलटा. पहिल्या माणसाला बागेत ठेवलं ते कशाला, तर राखण करायला. सत्ता एका पानावर आहे, तर राखण पुढच्या पानावर आहे. पाळकसाहेबांनी पान उलटून पाहिलं आणि शास्त्र मिटून मांडीवर ठेवलं. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात मामा उठला. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर कंपाउंडर म्हणून राहिलेला माणूस, एरवी पुस्तकी बोलायचा. चिडला की मात्र घरातली भाषा तोंडात यायची.

"राखण?" तो म्हणाला. "माझ्या बापानं जन्मभर राखणच केली. लोकाच्या खळ्याची. थंडी न्हाई, पाऊस न्हाई, बसून ऱ्हायचा. अन् वाट्याला काय यायचं, तर खळं झाडल्यावर उरलेली मातीतली जवारी. जागल्या म्हणायचे त्याला, नावानं कुणी हाक मारली न्हाई. त्याच्यातून सुटायला आमी प्रभूकडं आलो. अन् तू शिकून-सवरून तोच शबूद शास्त्रातून हुडकून परत आमच्या गळ्यात अडकवायलीस व्हय?"

बायकांच्या बाजूला बसलेली माझी आई खाली मान घालून चटईच्या काड्या चाचपत होती. मला उत्तर सुचलं ते घरी जाताना, नेहमीप्रमाणं उशिरा: लोकाच्या खळ्याची राखण वेगळी आणि आपल्या विहिरीची वेगळी. पण तोवर हात वर होऊन ठराव झाला होता. मामा खोटं बोलला असता तर मला एवढा संताप आला नसता. तो खरं बोलला. त्या एका शब्दात त्याच्या बापाचा अख्खा जन्म होता, आणि तेवढ्यासाठी आम्ही सगळे उठून सत्तेच्या बाजूला जाऊन बसलो. सत्ता कशाशी खातात हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक नसलेली माणसं आम्ही. आठ एकरांवर का होईना, मिळते आहे तर गाजवून घेऊ, असं झालं.

बोअरची जागा ठरवायला पंचांनी पालमहून पाणाड्या आणला. पृथ्वी तापते हे मानणं म्हणजे अविश्वास, पण पाणाड्याचा नारळ चालतो. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवून चर्चच्या आवारात चकरा मारल्या. तेवढा वेळ पाळकसाहेब भिंतीकडं तोंड करून शास्त्र चाळत उभे होते, म्हणजे पाहिलं असं व्हायला नको. नारळ विहिरीपासून वीस पावलांवर उभा राहिला. राहणारच. जिथं पाणी आहे हे शेंबड्या पोराला माहीत, तिथं नारळ उभा करायला काय अक्कल लागते? बोअरची गाडी आत यायला वाटेतले दोन कडुलिंब तोडले, आणि दुसऱ्या दिवशी पाणी लागलं.

नवा बोअर देवाला अर्पण करायची उपासना ठरली. शास्त्रवाचन कुणी करायचं, तर मी. मंडळीत माझ्याइतकं स्पष्ट वाचणारं कुणी नव्हतं, हे पंचांना माहीत होतं आणि त्याहून जास्त मला. पाळकसाहेबांनी खूण घालून दिली ती अर्थातच सत्तेच्या पानावर. मी नाही म्हणू शकले असते. आईनं आदल्या दिवशी बजावलं होतं, "मामाशी लय ताणू नको. उद्या तू मेल्यावर तुझी पेटी कोण उचलंल?" पण पेटीच्या भीतीनं मी गेले असं म्हणणं म्हणजे स्वतःला सूट देणं. चांगलं वाचते म्हणून बोलावलं, याचं मला बरं वाटलं होतं. मी इस्त्रीची साडी नेसून उभी राहिले आणि खणखणीत आवाजात वाचलं. बाहेर बोअरच्या गाडीचा ड्रायव्हर उभा होता, त्यालाही ऐकू गेलं. एवढा एक राग पंचांवर काढता येत नाही, तो माझ्या वाट्याचा आहे.

ऊस दोन वर्षं जोरात आला. चर्चला स्लॅब झाला. मोटार चालू असली की विहिरीतलं पाणी डोळ्यांदेखत उतरायचं, म्हणून बायका वीज जायची वाट बघायच्या आणि वीज गेली की घागरी घेऊन पळायच्या. एकदा बौद्ध वस्तीतल्या एका म्हातारीनं मला पोहऱ्यातला गाळ दाखवला. "बाई, तुमच्या देवाचा ऊस आमचं पाणी प्यायलाय," ती म्हणाली. तो गाळ मी तांब्यात घालून मामाच्या ओट्यावर नेऊन ठेवला. मामानं तांब्यात पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "पाऊस कमी झाला, त्याला बोअर काय करंल? पाऊस देवाच्या हातात हाय." पाणी लागलं तेव्हा ते पंचांचं कर्तृत्व होतं, आटायला लागलं तेव्हा देवाची इच्छा झाली. मी त्या दिवशी मामाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या संक्रांतीला बौद्ध वस्तीत ढोल वाजले, आमच्याही घरांत पेढे आले. सोळा वर्षं त्या लोकांनी त्यासाठी मार खाल्ला होता. त्याच उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या तळाचा खडक उघडा पडला, आणि आठ दिवसांत बोअरही नुसती हवा टाकू लागला. टँकर मागितला, यादीत नाव आलं, टँकर आला नाही.

चाळीस घरांतल्या बायका घागरी घेऊन गावच्या विहिरीवर गेल्या. पंच गेले नाहीत. पाळकसाहेबही नाहीत, ते नव्या स्लॅबखाली पावसासाठी उपासाची प्रार्थना घेत होते. शाळेला सुट्टी होती, मी आईबरोबर गेले.

कुणी अडवलं नाही. कायदा आता सगळ्यांना ठाऊक आहे. कठड्याजवळ दोर घेऊन उभी असलेली गावातली बाई माझ्याच वयाची, तिची दोन्ही पोरं माझ्या वर्गातून गेलेली. ती गोड बोलली. "बाई, तुमी कशाला वढता, दमताल. घागरी तिथं खाली ठिवा, आमी वरून वतून देतो." तिनं शिवी दिली असती तर मला बोलता आलं असतं. हे असं मायेनं वरून ओतायला निघालेल्या बाईला काय बोलणार? तरी मी दोर घ्यायला हात पुढं केला. मागं दोन्ही वस्त्यांतल्या बायका रांगेत उभ्या होत्या, आणि मास्तरीण काय करते ते बघत होत्या.

आईनं माझा पदर धरला. सत्तरी ओलांडलेली बाई. आमची विहीर झाली तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची असेल. त्याआधी पाणी कसं भरायची, ते तिनं मला उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं. तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या. घागर कठड्यापासून बरोबर अंतरावर नेऊन टेकवली, तिच्या तोंडावर गाळायचं फडकं अंथरलं आणि दोन पावलं मागं जाऊन वाकून उभी राहिली. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

"मागं सर गं," ती मला हळूच म्हणाली, "त्यांच्या घागरीवर शिंतोडा जाईल."

मी मागं सरले.