वर मजला नसलेला जिना

बाळांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही आजोबांना एका जुन्या अमेरिकन मालिकेचं शीर्षकगीत गुणगुणून दाखवलंत. ते नुसते बघत राहिले. "आजी, इज ही अँग्री विथ अस?" धाकटीने विचारलं. तेव्हा मला सांगता आलं नाही, म्हणून आता लिहिते. आई वाचून दाखवेल. आजोबा रागावलेले नाहीत. त्यांना आठवत नाही. डिसेंबरात याल तेव्हा हे तुम्हाला आधीच ठाऊक असावं.

आम्ही या परक्या देशात, टूनगॅबीला नवे असताना ते कारखान्यातून दुपारी घरी येत आणि चहा घेऊन टीव्हीसमोर बसत. त्या वेळी जुन्या विनोदी मालिका पुन्हा दाखवायचे. मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलेली, पण मला त्यातले विनोद कळत नसत. "तुझं इंग्रजी छापील आहे," आजोबा चिडवत. मग लायब्ररीतून पुस्तकं आणून ते पडद्यामागच्या गोष्टी सांगत. शीर्षकगीतात सगळं कुटुंब का सांगून टाकायचे? तर भाजी फोडणीला टाकून उशिरा आलेल्या बाईलाही कोण कुणाचं ते कळावं. जेवताना कुणी पाठमोरं का बसत नाही? तर चौथ्या बाजूला भिंतच नसते, तिथे प्रेक्षक असतात. आणि दिवाणखान्यातला तो ऐटबाज जिना? तो कुठेच जात नाही. वर खोली नसतेच. नट वर जातो आणि फळीवर अंग चोरून उभा राहतो.

गेल्या महिन्यात एका दुपारी आम्ही झोपायला वर निघालो. आजोबा पहिल्या पायरीशी थांबले.

"अहो, चला ना."

"कुठे? वर काही नाही. हा सेट आहे."

मला आधी गंमत वाटली. म्हटलं, "आजचा सीन वरच्या खोलीतला आहे."

"मग कॅमेरा कुठाय?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

तेव्हापासून ते जिना चढलेले नाहीत. कपडे, पलंग, आमचं न्हाणीघर, सगळं वर. ते सोफ्यावर अवघडून झोपत आणि मी शेजारी खुर्चीत. जवळच्या ब्लॅकटाउनहून तुमचा मामा आला. त्याने गोड बोलून पाहिलं, मग हात धरून ओढून पाहिलं. आजोबांनी कठडा असा घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

"आई, हे असं नाही चालणार. तू पण सत्तरीच्या पुढे आहेस," मामा स्वयंपाकघरात हळूच म्हणाला. "त्यांच्यासाठी चांगली जागा बघू या. तिथे नर्सेस असतात."

"आणि मी?"

"तू रोज जा ना भेटायला. मी सोडीन."

मी आजोबांचा स्वेटर आणायला जिना चढू लागले. चारेक पायऱ्या गेले असेन, तोच मागून आजोबांनी माझा पदर धरला. ते स्वतः पहिल्या पायरीवर चढले होते.

"अगं, वर मजला नाही. पडशील!"

मामा दारात उभा राहून बघत होता. मग तो मोजपट्टी शोधायला लागला. संध्याकाळी पलंग खाली आला, सोफा गराजमध्ये गेला. पुढच्या आठवड्यात खालच्या टॉयलेटला लागून शॉवर बसवायला माणूस येतो आहे. हे किती दिवस चालेल, मला माहीत नाही. मामालाही नाही.

आजोबांना आता मालिकांची नावं आठवत नाहीत. गाणी नाहीत. तुमची नावं कधी येतात, कधी नाहीत. माझं नाव तर गेलंच आहे. पण मी पडू नये, एवढं त्यांना अजून कळतं.