एका आठवड्याची पाहुणी

कुणी सल्ला विचारायला आलं की ते आधी कागद शोधत. रद्द झालेल्या ड्रॉइंगचा पाठकोरा कागद. त्याला मधोमध उभी घडी घालत, घडीवरून अंगठ्याचं नख ओढत आणि कागद समोरच्याच्या हातात देऊन म्हणत, "डावीकडे फायदा, उजवीकडे तोटा. घाई नको. लिहा, मग बोलू."

अंबडच्या आमच्या कारखान्यात ते तपासणी विभागाचे प्रमुख होते. मी त्याच विभागात टायपिंग करायची आणि आवक-जावक टपाल बघायची. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. एक केसभर जाड निघालेला पार्ट ते शांतपणे बाजूला ठेवत, आणि मग मशीनवाल्याने कितीही विनवण्या केल्या तरी तो पार्ट परत आत येत नसे. कॅन्टीनमधली पुरीसुद्धा ते उजेडाकडे धरून बघत. पुरी वाढणारा वैतागून म्हणायचा, "भाऊसाहेब, पास का फेल?"

लोक त्यांच्याकडे काय काय घेऊन येत! मोपेड घ्यावी की स्कूटर, भावाला वेगळं राहायला सांगावं की नको. आमच्यातल्या एका मुलाने दोन स्थळांचे दोन कागद आणले होते. भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "इथं तोट्यात 'मुलगी जास्त शिकलेली' असं लिहिलंय. हा तोटा तिचा, की तुमचा?" मुलगा लाजून कागद घेऊन गेला. त्याच मुलीशी लग्न केलं त्याने. पण कुणाला 'हे करा' असं भाऊसाहेबांनी कधी सांगितलं नाही. "निकाल तुमचा. मी फक्त मोजमाप बघतो."

ते मूळचे नामपूरचे. घर नाशिक रोडला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, आणि तेच त्या घराचं दुखणं होतं. गावाकडून दवाखान्यासाठी आलेला, परीक्षेला आलेला, पहाटेची गाडी पकडायची असलेला, प्रत्येक जण त्यांच्याकडे उतरायचा. मुलगी लग्न होऊन मालेगावला गेली, तरी घर भरलेलंच. मी त्यांच्याकडे चार-पाच वेळा गेले असेन. बाहेरच्या खोलीत बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाहुण्यांच्या वळकट्या आणि आत सतत फुरफुरणारा स्टोव्ह. वहिनी उंच, सडपातळ, फार कमी बोलणाऱ्या. त्यांना मी एकदाही बसलेलं पाहिलं नव्हतं. निघताना मात्र दारापर्यंत यायच्या आणि म्हणायच्या, "ताई, जेवूनच जायचं ना."

शहाऐंशी सालची गोष्ट. नाशकातल्या एका मोठ्या हॉटेलात एका सुट्टी-योजनेची सभा होती. आमच्या कारखान्यात निमंत्रणं वाटली गेली. अट एकच, नवरा-बायकोने जोडीने यायचं. चहा-नाश्ता फुकट, वर काचेच्या सहा वाट्या भेट. त्या वाट्यांसाठी अर्धा विभाग गेला हे आता कबूल करायला हरकत नाही. मी आणि माझे मिस्टर भाऊसाहेब आणि वहिनींच्या शेजारीच बसलो होतो.

टाय लावलेला एक तरुण पडद्यावर चित्रं दाखवत होता. पाचगणीच्या बाजूला डोंगरउतारावर बंगले, बाग, झोपाळे. "एकदा पैसे भरा, आणि पुढची तेहतीस वर्षं दरवर्षी एक आठवडा ही खोली तुमची. स्वतःची!" मला तर तो झोपाळा दिसल्यापासून दुसरं काही सुचत नव्हतं. भाऊसाहेबांनी तीन-चार शंका विचारल्या. तरुण प्रत्येक शंकेला हसत होता.

मग अचानक वहिनींनी विचारलं, "तठे पानी कोन भरस?"

तरुणाला कळलं नाही. भाऊसाहेबांनी सांगितलं, "तिथं पाणी कोण भरतं, विचारतेय ती."

"मॅडम, चोवीस तास नळ."

"आणि चहा?"

"बेल दाबायची. माणूस आणून देतो."

वहिनी जरा थांबल्या. "आणि पाहुणे आले तर?"

तरुण मनापासून हसला. "मॅडम, तिथं पाहुण्या तुम्हीच!"

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. पडद्यावर तेव्हा काहीच नव्हतं, नुसता पांढरा उजेड होता.

सोमवारी मी आपणहून कागदाला घडी घातली. डावी बाजू भरून गेली. दरवर्षी बुकिंगची कटकट नाही, मुलांना मोकळी हवा, भाव आजचाच राहणार, आपण नाही गेलो तर बहिणीला पाठवता येईल. भाऊसाहेबांनी शांतपणे वाचलं आणि पेन्सिल उजवीकडे नेली.

"इमारत उभी आहे का? दाखवलं ते फक्त चित्र. दरवर्षी देखभालीचा आकार भरायचा. तो पुढे किती होईल, त्या मुलाने सांगितलं? मे महिन्याचे आठवडे पहिल्या लोकांनी घेतले. तुमच्या वाट्याला जुलैचं धुकं. तुमची रजा, मिस्टरांची रजा, मुलांची शाळा, तिन्ही एकाच आठवड्यात जमणार? जाण्यायेण्याचं भाडं वेगळंच. आणि उद्या नकोसं झालं तर ते तुमच्याकडून घेणार कोण?" मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "तेहतीस वर्षांनी तुम्ही साठीच्या पुढे असाल ताई. तेव्हा झोपाळ्यावर बसायचं की उतरायला माणूस शोधायचा?"

आम्ही नाही घेतलं. विभागातल्या कुणीच घेतलं नाही. माझा तो कागद आठवडाभर हातोहात फिरत होता.

महिन्याने टपाल फोडताना एक गुळगुळीत लिफाफा हाती आला. कारखान्याच्या पत्त्यावर, म्हणून मी सवयीने फोडला. "प्रिय सभासद, आपल्या परिवारात स्वागत आहे." खाली भाऊसाहेबांचं नाव.

दोनदा वाचलं. आम्हाला सगळ्यांना अडवून हा माणूस स्वतः गुपचूप सभासद होतो? आणि घरी कळू नये म्हणून पत्ता कारखान्याचा? मी तशीच उठले आणि ते पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी पत्र पाहिलं, मग मला. खणातून एक घडीचा कागद काढला. उजवीकडे बारीक अक्षरात चौदा तोटे. मला सांगितले होते ते सगळे आणि आणखी. डावीकडे एकच शब्द होता. 'पाहुणी.'

"लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली," ते म्हणाले. "माहेरी गेली तरी तिथं चूल तिचीच. कुठल्याच घरी ती पाहुणी म्हणून गेली नाही. हे माझ्या लक्षात यायला टायवाला पोरगा लागला, ताई." मग कागद घडी करून ठेवत म्हणाले, "मोजमापाने हा माल फेलच आहे. पण घेतला."

इमारत पुरी व्हायला दीड वर्ष लागलं. त्यांचा अंदाज तेवढा बरोबर निघाला, आठवडाही जुलैचाच मिळाला. सोमवारी दोघं एसटीने निघाली. विभागात आम्ही सगळे खूश. भाऊसाहेबांनी पहिल्यांदा सबंध आठवडा रजा घेतली होती.

आणि शुक्रवारी सकाळी भाऊसाहेब आपल्या टेबलाशी बसलेले!

मी धावतच त्यांच्यापाशी गेले. "वहिनींना काय झालं?"

"काही नाही. ती तिथं आहे."

"एकटी?"

"एकटी."

त्या काळात आमच्यासारख्या घरातली बाई हॉटेलात एकटी राहते, हे कुणी ऐकलंही नव्हतं. कुणी म्हणालं भांडण झालं, कुणी म्हणालं वहिनींचं डोकं फिरलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते आपणहून माझ्याजवळ आले.

"पहिल्या सकाळी मी उठलो आणि सवयीने म्हणालो, 'चहा?' तर ती उठून स्टोव्ह शोधायला लागली. मी म्हटलं अगं, बेल दाब. तिने दाबली, चहा आला, तर कप तिने विसळले. मी आंघोळीला गेलो तर टॉवेल घेऊन दाराशी उभी. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी तिला म्हटलं, तू बस ना गं जरा. तर म्हणाली..." ते थांबले. त्यांना ते तिच्याच बोलीत सांगायचं होतं. "तुम्ही आठे शेतस, तर मी घरमाच शे."

तुम्ही इथं आहात, तोवर मी घरातच आहे.

"रागाने नाही म्हणाली हो," ते म्हणाले. "पाऊस पडतोय म्हणावं, तसं म्हणाली. मला धक्का बसला. सबंध रात्र कॉटवर बसून होतो. मी तिला घरातून बाहेर काढलं, आणि घर बरोबर घेऊन गेलो. मीच." त्यांनी डबा उघडला आणि परत बंद केला. "सकाळी विचारलं, मी जाऊ? तर हो म्हणाली. एका क्षणात हो म्हणाली, ताई."

खरं सांगायचं तर मला वहिनींचा राग आला होता, आणि त्याच वेळी घरी जाऊन माझ्या मिस्टरांसमोर तेच वाक्य म्हणून बघावं असंही वाटलं होतं.

वहिनी रविवारी एकट्या एसटीने परत आल्या. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. तीन पाहुणे होते, स्टोव्ह पेटलेला होता, सगळं पूर्वीसारखं. फक्त भाऊसाहेब ओट्याशी उभे राहून कांदा चिरत होते. जाडाभरडा. "सगळे तुकडे वेगवेगळ्या मापाचे," मी म्हटलं. "पास करा ताई," ते म्हणाले. मागून वहिनींचं हसू ऐकू आलं.

पुढच्या जुलैत त्यांनी वहिनींना एसटीत बसवून दिलं आणि तसेच कामावर आले. त्या आठवड्यात सकाळी चहाच्या सुट्टीत ते गेटाबाहेर जायचे. आम्हाला वाटायचं, वहिनी नाहीत तर नाश्ता करायला जात असतील.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, ते गेले.

चहाच्या सुट्टीनंतर परत येऊन टेबलाशी बसले, मोजमापाचा गेज हातात घेतला आणि मान खाली गेली. आम्हाला वाटलं काहीतरी बारकाईने बघताहेत. मिनिटभर कुणी हललंसुद्धा नाही. कारखान्याच्या जीपमधून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी मानेनेच नाही म्हटलं.

पुढे लोक काय बोलले ते सांगून टाकते, म्हणजे ते शेवटाला उरणार नाही. वहिनी पोचायला दुसऱ्या दिवशीची सकाळ झाली. दारात पाऊल ठेवताच एक बाई मोठ्याने म्हणाली, "नवरा इथं जीव सोडत होता, आणि ही तिकडं हवा खात होती." वहिनींनी तिच्याकडे पाहिलं नाही. बुद्धवंदना सुरू होती. त्या सरळ जाऊन त्यांच्या पायाशी बसल्या आणि उचलायची वेळ झाली तरी हात काढेनात. वर्षभर ते बोलणं चालू राहिलं. वहिनींनी उत्तर दिलं नाही, आणि पुढच्या जुलैत त्या परत गेल्या.

पण मला आठवतो तो त्या शुक्रवारचा फोन. मालेगावला मुलीला कुणीतरी कळवलं होतं. पाचगणीला कळवायचं काम माझ्याकडे आलं. नंबर त्यांच्या खणात होता. गेटाबाहेरच्या एसटीडी बूथवर गेले. बूथवाल्याने नंबर बघितला आणि म्हणाला, "हा भाऊसाहेबांचा नंबर. आज परत कसा?"

मला ते नीट कळलंच नाही. फोन लागला. पलीकडे तिथल्या काउंटरवरची एक मुलगी होती. मी नाशिकहून बोलतेय म्हटल्याबरोबर ती हसतच म्हणाली, "आज काकांनी तुम्हाला सांगितलं का करायला? सकाळी केला होता की त्यांनी. सांगा, काकूंनी दोन इडल्या खाल्ल्या, आणि त्यानंतर चहासुद्धा दोनदा घेतला."

"काका रोज फोन करतात?"

"रोज. गेल्या वर्षीही करायचे. काकूंना द्यायचा नाही, सांगायचंही नाही. फक्त विचारतात, खाल्लं का, आणि बसल्यात ना." मग तिच्या लक्षात आलं असावं. "का हो? काय झालं?"

काचेच्या त्या पेटीत मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी होते. बाहेर बूथवाला माझ्याकडे बघत होता.

"वहिनींना द्या," एवढंच म्हणाले.

"थांबा हं. व्हरांड्यात खुर्चीवर बसल्यात, पाय वर घेऊन. बोलावते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पलीकडे पाऊस पडत होता, तो ऐकू येत होता. मग सावकाश येणारी पावलं. अजिबात घाई नसलेली. नाशिक रोडच्या घरात इतक्या सावकाश चालताना मी वहिनींना कधी ऐकलं नव्हतं. आणि मग त्यांचा आवाज, मोकळा, निवांत, हसरा.

"हॅलो, कोण बोलतंय?"